बारा मिनिटं पंधरा सेकंद

टॅम्पिनीस, सिंगापूर
रविवार, सकाळचे सव्वादहा

आदरणीय सुरेशदादा यांस,

नरेशचा सविनय जय भीम. वहिनींनाही सांग. तुझी शुगर जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती, हे दोन आकडे वेगवेगळे कळव. गेल्या खेपेला तू फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणालास. बरी हा आकडा नव्हे. वहिनींचा कोणता गुडघा दुखतो, डावा की उजवा, तेही लिही. इथे एक पट्टा मिळतो, पण तो डाव्या-उजव्याचा वेगळा असतो. आम्ही तिघंही, मी, भावना आणि यशोधरा, मजेत आहोत. मजेत म्हणजे खरोखर मजेत, पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून नाही. मधले दीड महिने मात्र नव्हतो, आणि ते का नव्हतो हे सांगायला हे पत्र आहे, तेव्हा चहा घेऊन बस (बिनसाखरेचा).

आधी यादी देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गेल्या सतरा वर्षांत, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता, या कंपनीत मी माझ्या दोन हातांनी नऊ वस्तू बनवल्या. ट्रॉली उलटी करायचा पाळणा (बावीस किलोची ट्रॉली एकट्या माणसाने, पाठ न वाकवता, अकरा सेकंदांत उलटी होते). ब्रेक तपासायचा प्लायवूडचा उतार, बरोबर आठ अंशांचा (शेजारचा आह सेंग सात म्हणतो, त्याने कोनमापक उलटा धरला होता). स्प्रिंग दाबायचा दांडा, जो कोणीतरी जिन्याखाली टाकून दिलेल्या सायकलच्या पुढच्या फोर्कपासून केला. बिजागरीची पिन ओढायचा चिमटा. चाकाचा आवाज ऐकायची नळी, तिच्या वरच्या टोकाला जुना स्टेथोस्कोप. रंगवलेली पेडलं वाळत घालायचं लोखंडी झाड, चोवीस फांद्यांचं. आणि तीन पाने, ज्यांची तोंडं मी कानशीने घासून अशा कोनात आणली आहेत की बाजारात तसे मिळत नाहीत. नऊ झाले. मोजून बघ.

ट्रॉली म्हणजे कोणती, तर विमानात जेवण घेऊन येते ती अरुंद ट्रॉली. तू इकडे आलास तेव्हा जिच्यातून दुसऱ्यांदा बन मागून घेतलास, तीच. विमान कंपन्या त्या वापरून वापरून खिळखिळ्या करतात आणि आमच्याकडे लोयांगला पाठवतात. आम्ही अठ्ठावीस माणसं त्या दुरुस्त करतो. दार, चाकं, कोपऱ्यांचे रबर, सगळं निरनिराळ्या बेंचवर होतं, आणि ब्रेक माझ्या बेंचवर. विमान वर चढताना ब्रेक सुटला तर शेवटच्या रांगेतल्या माणसाचं काय होईल, याचा विचार मी दिवसातून छत्तीस वेळा करत आलो, कारण दिवसाला ट्रॉल्या छत्तीस.

तर आमचे मालक मिस्टर चुआ यांनी तीन दिवसांचा एक कोर्स केला आणि ते बदलून परत आले. कारखाना 'लीन' करायचा, म्हणाले. लीन म्हणजे बारीक. कामातली चरबी शोधून काढायची. ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे देत नाही ते सगळं वाया, आणि वाया जाण्याचे सात प्रकार जपान्यांनी नक्की केले आहेत: थांबून राहणं, उगाच चालणं, उगाच वाहणं वगैरे. (मी आठवा सुचवला होता, मीटिंग. तो लिहून घेतला गेला नाही.) आणि हे एकदा करून सोडायचं नाही, रोज थोडं थोडं सुधारत राहायचं, त्याला कायझेन म्हणतात. दादा, मी हे सतरा वर्षं करत होतो, फक्त त्याला नाव असतं हे मला माहीत नव्हतं.

हे शिकवायला बुओना व्हिस्टाच्या एका सल्लागार कंपनीने जी व्यक्ती पाठवली ती निघाली पुण्याची. क्षिप्रा. वय एकतीस, पायात कारखान्याचे जाड बूट, गळ्यात स्टॉपवॉच. मी मराठी आहे कळल्यावर तिने आधी माझं काम विचारलं, आडनाव विचारलंच नाही; तिथेच ती मला आवडली. पाच मिनिटांत "काका" म्हणायला लागली. दहाव्या मिनिटाला आमचं भांडण झालं.

भांडणाचं कारण असं की तिने माझ्या शेजारी उभं राहून एका ट्रॉलीच्या ब्रेकची वेळ घेतली आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंद लिहिले. मी म्हटलं, अकरा-बत्तीस. ती म्हणाली, काका, घड्याळ माझ्याकडे आहे. मी म्हटलं, घड्याळ तुझ्याकडे आहे, पण मधले आठ सेकंद मी चष्मा पुसत होतो, ते ब्रेकचं काम नव्हे, ते चष्म्याचं काम आहे. तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि अकरा-बत्तीस केलं. (चष्मा पुसण्यासाठी वेगळा रकाना काढ, असंही मी सुचवलं. तोही लिहून घेतला गेला नाही.)

मग आले लाल कागद. नियम असा की जी वस्तू कंपनीच्या यादीत नाही, तिला लाल कागद बांधायचा. ती तीस दिवस कोपऱ्यातल्या पिवळ्या चौकटीत राहणार, आणि तिची गरज कोणी सिद्ध केली नाही तर भंगारात. सोमवारी सकाळी मी आत शिरलो तर माझ्या नऊच्या नऊ वस्तू चौकटीत. कंपनीच्या यादीत त्या असणार कशा? कंपनीने त्या घेतल्याच नव्हत्या, मी केल्या होत्या. पाळण्याच्या पायाला लाल कागद, दादा, सरकारी इस्पितळात अंगठ्याला चिठ्ठी बांधतात तसा. उताराला कागद. झाडाच्या चोवीस फांद्यांपैकी नेमक्या मधल्या फांदीला कागद. मी ओरडलो नाही. (भावनाचं म्हणणं आहे की ओरडलो, घरी येताना बसमध्ये, फोनवर, लोयांगपासून टॅम्पिनीसपर्यंत. पण ते कारखान्याबाहेर.)

क्षिप्राने मात्र नीट सांगितलं. "काका, नियम सगळ्यांना सारखा. वस्तू कशाला लागते, कशी वापरायची, तिने किती सेकंद वाचतात, हे लिहून द्या. मी स्वतःच्या हाताने कागद काढते."

"किती तपशील पाहिजे?"

"जितका देता येईल तितका द्या."

हे वाक्य मला कोणी म्हणू नये. तू मला लहानपणापासून ओळखतोस.

मी अकरा संध्याकाळी लिहीत बसलो. नऊ वस्तूंची एक्केचाळीस पानं झाली, चित्रांसकट. यशोधरा (आता माझ्या खांद्याला लागते, पुढच्या वर्षी पॉलिटेक्निकला जाईल) टाइप करून देत होती आणि दर पानाला मान हलवत होती. "पप्पा, सो लाँग. हू विल रीड, लाह?" (लाह म्हणजे इथलं "ना".) मी म्हटलं, ज्याला ब्रेक लावायचा आहे तो वाचेल. चौदावी पायरी: पेडलवर उजव्या पायाचा चवडा ठेवावा, टाच नव्हे. बाविसावी पायरी: नळीने चाक ऐकताना तोंड मिटून घ्यावं, नाहीतर स्वतःचाच श्वास ऐकू येतो आणि चांगलं चाक बाद होतं (असं माझ्या हातून एकदा झालं आहे, मी तारीखही दिली). लिहिता लिहिता एक गोष्ट कळली, ती मान्य करतो. स्प्रिंग आणायला मी दर ट्रॉलीमागे कपाटापर्यंत चार फेऱ्या मारत होतो. सतरा वर्षं! कोणी पाहिलं नाही, मी स्वतः पाहिलं नाही. स्प्रिंगांचा डबा बेंचला टांगला, आणि अशा बारीकसारीक गोष्टी बदलता बदलता माझी वेळ अकरा-बत्तीसवरून सहा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर आली. लाल कागद सुटले. नऊही वस्तू कंपनीच्या यादीत नंबरासह चढल्या. त्या दिवशी मी आह सेंगला माझ्या पैशाने कोपी (इथली कॉफी) पाजली, यावरून माझ्या आनंदाची कल्पना कर.

हा आह सेंग माझ्या शेजारच्या बेंचवर चाकं बसवतो. बारा वर्षांत त्याने ब्रेकला हात लावला नव्हता, "ब्रेक इज युवर रिलिजन, नरेश" म्हणायचा. क्षिप्राने माझी पानं त्याच्या समोर ठेवली आणि म्हणाली, करून बघा. पहिली ट्रॉली नऊ मिनिटं वीस. दुसरी आठच्या आत. तिसरी सहा मिनिटं पन्नास सेकंद. ती आठ अंशांच्या उतारावर चढवली, पेडल दाबलं, सोडली. जागची हलली नाही. मी इतका खूश झालो की त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्या वेळी एवढंच दिसलं की माझी पानं बिनचूक आहेत.

नंतरच्या शुक्रवारी सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं. भिंतभर खाकी कागद, त्यावर प्रत्येक बेंचची पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ. क्षिप्राने समजावलं ते सोपं आहे. दिवसात कामाची मिनिटं साडेचारशे, ट्रॉल्या छत्तीस, म्हणजे दर साडेबारा मिनिटांना एक ट्रॉली बाहेर पडली पाहिजे. आता शेजारच्या दोन बेंचांची वेळ मिळून साडेबारा मिनिटांच्या आत बसत असेल, तर ती दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो. बसत नसेल, तर दोन माणसं लागतातच. मग तिने एकेक जोडी वाचायला सुरुवात केली. दार आणि बिजागरी, साडेपंधरा, नाही. रबर आणि रंग, चौदा, नाही. चाकं पाच-पंचवीस, ब्रेक सहा-पन्नास, एकूण तेरा-पंधरा, नाही. आणि बोट पुढे सरकवलं.

मी हात वर केला.

"काका, प्रश्न शेवटी घेऊ या."

"प्रश्न नाही. बेरीज चुकली आहे."

तिने बाकीच्यांकडे बघून हसत, पण मराठीत आणि दातांतून, म्हटलं, "काका, बसा ना. प्लीज."

"पाच-पंचवीस आणि सहा-पन्नास. बारा-पंधरा होतात. तेरा नाही."

"काका. बसा."

आह सेंगला मराठीचं अक्षर येत नाही, पण त्याला माझ्याआधी सगळं कळलं. त्याने मागून माझा शर्ट ओढला. "नरेश. सिट डाउन, लाह." मी बसलो नाही. चुकीची बेरीज भिंतीवर असताना मी बसू शकत नाही, दादा, मला पाय दुमडता येत नाहीत. पुढे गेलो, तिच्या हातातलं मार्कर घेतलं, तेरावर काट मारली, वर बारा लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ ओढली (पट्टी माझ्या खिशात असते). मिस्टर चुआंनी फोनवर बेरीज करून पाहिली. मग त्यांनी बारा-पंधराकडे पाहिलं, वरच्या बारा-तीसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्या चालू असताना मला समजलं की बारा-पंधरा हा आकडा बारा-तीसपेक्षा लहान असतो.

अशा रीतीने माझी चिठ्ठी भिंतीवरून मी स्वतः काढली. हे तिमाहीतलं सर्वोत्तम कायझेन ठरलं. मला वेताची एक मोठी टोपली मिळाली, तिच्यात अबलोन नावाच्या शिंपल्याचा डबा, मशरूमचा डबा आणि पक्ष्याच्या घरट्याचं सरबत (भावनाने लेबल वाचून ते शेजारणीला दिलं). सूचनाफलकावर माझा फोटो लागला. फोटोखाली नाव होतं, नावाखाली हुद्दा लिहायची रेघ होती, आणि रेघ रिकामी होती.

मिस्टर चुआ वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवतो. "नरेश, वुई फाइंड समथिंग फॉर यू. नाऊ स्टँडबाय फर्स्ट," म्हणाले. घरी भावनाने विचारलं, स्टँडबाय म्हणजे किती दिवस? ती दाताच्या दवाखान्यात हिशेब बघते, तिला तारीख लागते. मी म्हटलं, तारीख दिली नाही. मग तिने सगळी हकीकत काढून घेतली आणि तिचा नागपूरचा आवाज बाहेर आला. "तुम्हाला कोणी हात धरून उठवलं होतं का? काहून उठले तुम्ही?" मी म्हटलं, बेरीज चुकली होती. तिने कागद घेतला, स्वतः बेरीज केली. "बाराच होतात," म्हणाली, आणि अर्धा तास बोलली नाही. चूक नव्हती म्हणून तिला रागवताही येईना.

पण ती कशाला गप्प झाली ते मला माहीत होतं. इथे राहायची काळजी नाही, आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, आहोत. फ्लॅटचे हप्ते मात्र अजून नऊ वर्षं आहेत, यशोधराचं शिक्षण आता कुठे सुरू होतंय, आणि माझं वय बावन्न. माझ्याकडे दाखवायला दोन हात आहेत, सर्टिफिकेट नाही. या गावात बावन्नाव्या वर्षी बिनसर्टिफिकेटच्या माणसाला दुसरा बेंच कोण देणार? माझं सगळं नाव त्या एका बेंचवर होतं आणि तो बेंच आता आह सेंग सहा-पन्नासमध्ये चालवत होता.

ते सगळे दिवस मी एका स्टुलावर बसून काढले. तेही धड नाही. लीनमध्ये जमिनीवर प्रत्येक वस्तूची जागा पिवळ्या पट्टीने आखलेली असते. मी जिथे स्टूल ठेवीन तिथे खाली लिहिलेलं असायचं "कचरापेटी" नाहीतर "हातगाडी", आणि ती वस्तू आली की मला उठावं लागायचं. तुला खरं सांगतो, तुझ्यापासून लपवत नाही: या काळात एक तरी ब्रेक घसरावा अशी माझी इच्छा होती. एकच. मोठा नाही, उतारावर दोन इंच. रोज संध्याकाळी मी तपासणीची वही बघायचो. एकही घसरला नाही. घसरणार कसा? एक्केचाळीस पानं मी लिहिली होती.

एका दुपारी डुलकी लागली आणि जागा झालो तर माझ्या शर्टाच्या गुंडीला लाल कागद. आह सेंगचं अक्षर. वस्तू: नरेश. शेवटचा वापर: मागच्या महिन्यात. निर्णय: ठेवणे. बाजूला कोपीचा कप. मी कोपी प्यायलो, तो चाकाकडे बघत राहिला. कागद मी पाकिटात ठेवला आहे.

त्याच आठवड्यात क्षिप्रा मला कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या) घेऊन गेली आणि तिने कबूल केलं. "काका, ते एक मिनिट मी मुद्दाम घातलं होतं. तुमच्यासाठी. तुम्ही एवढं लिहून दिलंत आणि त्याच कागदांनी तुमचाच बेंच जाणार, हे मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. बसा म्हटलं तर बसायचं ना हो!"

मी तिला म्हटलं, "म्हणजे तू दोनदा चुकलीस. एकदा बेरीज, आणि एकदा ती मी तपासणार नाही असं धरून चाललीस."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग डोळे पुसत म्हणाली की आता तिचीही नोकरी अवघड आहे. कारण असं: कारखान्यात सूचनांची एक पेटी आहे. महिन्याला तीस सूचना आल्या तरच तिच्या कंपनीचा करार पुढे चालणार. माझा फोटो लागला त्या दिवसापासून पेटीत एकही कार्ड पडलेलं नाही. पॅकिंगची रोस्ना (तिला सगळे काक रोस म्हणतात, काक म्हणजे मलायमध्ये ताई) हिने तर तोंडावर सांगितलं होतं: "नरेश राइट कार्ड, बेंच गॉन. आय राइट कार्ड, आय ऑल्सो गॉन. बेटर आय डोंट नो हाऊ टू राइट." दार बसवणाऱ्याला माहीत होतं की त्याची दोन मिनिटं वाचतील, रंगवाल्याला माहीत होतं की त्याचा ब्रश चुकीचा आहे, आणि सगळे गप्प. सत्तावीस माणसं आपापल्या बेरजा खिशात घालून बसली होती, कारण एकाने आपली बेरीज भिंतीवर लिहिली होती आणि त्याचं काय झालं ते स्टुलावर दिसत होतं.

दादा, स्टुलावर बसून मी आतापर्यंत स्वतःचा विचार केला होता. त्या रात्रीच्या जेवणात (भावनाने पाटवड्याचा रस्सा केला होता, फार सुंदर) मला एकदम दिसलं की हा तर सरळसरळ वाया जाण्याचा पहिला प्रकार आहे, थांबून राहणं, आणि त्यावर कोणी कार्ड भरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भरलं.

शुक्रवारी सगळ्यांसमोर पेटी उघडायची पद्धत आहे. उघडली. आत एक कार्ड. मिस्टर चुआंनी मोठ्याने वाचायला घेतलं. अडचण: एक कुशल कामगार दिवसाला साडेचारशे मिनिटं थांबून आहे. कारण: त्याची बेरीज बरोबर होती. परिणाम: बाकी सत्तावीस जणांनी बेरीज करणं सोडलं. उपाय: दारावर एक फलक लावावा, त्यावर लिहावं की सूचनेमुळे बेंच जाईल, माणूस जाणार नाही, त्याला दुसरं काम मिळेल, खाली मालकांची सही आणि कंपनीचा शिक्का. लागणारा वेळ: लिहायला आठ मिनिटं, रंग वाळायला दोन तास. खर्च: नाही, फळी आणि रंग शिल्लक आहेत.

वाचून झाल्यावर ते कार्डाची मागची बाजू बघत उभे राहिले. मलाही उभंच राहावं लागलं, कारण स्टुलाच्या जागी हातगाडी आली होती. आह सेंगने हातातलं चाक उगाच फिरवलं, त्याचा आवाज चांगला येत होता. मग मिस्टर चुआंनी विचारलं, "व्हॉट कलर?"

मी म्हटलं, हिरवा. आमच्या पेडलांवर लाल म्हणजे थांब आणि हिरवा म्हणजे चल.

फळी मी कापली, अक्षरं मी आखली, सही त्यांनी केली. (सही थोडी तिरकी झाली आहे. मी बोललो नाही. बघ, मीही सुधारतो.) सोमवारी संध्याकाळपर्यंत पेटीत चौदा कार्डं! चार एकट्या काक रोसची, तिला लिहिता येत होतं. एका आठवड्यात एकतीस. त्यांत एक कार्ड असं की नरेशला बसायला जागा द्या, सारखा मध्ये येतो. खाली अकरा सह्या.

आणि जागा मिळाली, दादा! माझं काम आता असं: उरलेल्या अकरा बेंचांवर एकेक करून जायचं, त्या माणसाजवळ बसायचं, आणि त्याच्या हातांना जे येतं पण तोंडाला सांगता येत नाही ते कागदावर उतरवायचं. सध्या काक रोसपाशी आहे. ती एक गाठ मारते, ती मला तीन दिवसांत लिहिता आलेली नाही, आणि याचा तिला अतोनात आनंद झाला आहे. पगार तेवढाच, वर एकशेऐंशी डॉलर. जमिनीवर पिवळ्या पट्टीची नवी चौकट आहे, एकशेवीस गुणिले साठ सेंटिमीटर (प्रत्यक्षात एकशेअठरा, मी मोजली), आणि तिच्यात "नरेश" लिहिलं आहे. फोटोखालची रेघ मी रिकामीच ठेवायला सांगितली. मिस्टर चुआंना हुद्दा सुचत नव्हता, आणि जे सुचले त्या सगळ्यांना सर्टिफिकेट लागत होतं.

तर असं आहे. मीराकाकूंना (तुझी आई, पण वाढवलं मला तिने) माझा नमस्कार सांग आणि एवढंच सांग की नरेशचं ठीक आहे. मधलं काही सांगू नकोस, ती उपास धरेल. वहिनींचा गुडघा कोणता ते विसरू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
नरेश

ता. क. पाळण्याचं चित्र सोबत जोडलं आहे. तुझ्या वेल्डिंगच्या दुकानात गॅसची टाकी आडवी करायला उपयोगी पडेल. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, सुतात करू नकोस.

ता. क. २. हे पत्र कागदावर का, असं वाटलं असेल. माझं व्हॉट्सॲप यशोधराच्या लॅपटॉपवर कायम उघडं असतं आणि भावना ते जाता-येता वाचते. आता खरं काम. तीन आठवड्यांनी, रविवारी, ती तुला फोन करेल (टपालाचे दिवस मी मोजले आहेत). क्षिप्राच्या कंपनीने मला काहीतरी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं, इथवर तिला कळलं आहे. तू तिला सांग की नाही म्हण असा सल्ला तूच मला दिलास. तू तिचा भासरा आहेस, तुझ्याशी ती वाद घालत नाही. माझ्याशी घालते आणि जिंकते. आकडा विचारला तर सांग, मला माहीत नाही. खोटं बोलायला लागू नये म्हणून पुढचं वाचू नकोस.

ता. क. ३. वाचणारच तू. आणि अर्धवट हकीकत पाठवणं मलाही जमत नाही. त्यांनी विचारलं होतं ते असं: पंधरा कारखाने, प्रत्येकात जाऊन बघायचं की कुठले दोन बेंच मिळून एका माणसात बसतात, आणि ती बेरीज मालकाला लिहून द्यायची. माझ्या बेरजा कधी चुकत नाहीत म्हणून मी. सर्टिफिकेट नको, पाच दिवसांचा आठवडा. मी त्यांच्या साहेबांना एकच विचारलं, हिरवा फलक पंधराही ठिकाणी आधी लागेल ना? ते म्हणाले, ते त्या त्या मालकाने ठरवायचं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं आणि बाहेर येऊन दोन वाट्या चेंडोल (नारळाच्या दुधातला गार गोड पदार्थ) खाल्लं. माझा सध्याचा पगार, एकशेऐंशी धरून, तीन हजार सातशे साठ सिंगापूर डॉलर. त्यांनी देऊ केलेला आणि मी नाकारलेला, महिना सात हजार चारशे.